दसरा काढताना

भाद्रपदात गणपती गेले की आमच्या भागात बाया एकमेकींना एकच गोष्ट विचारतात, "तुमचा दसरा काढला का?" शहरातल्या वाचकाला हे चमत्कारिक वाटेल. दसरा हा सण, तो काढायचा कसा? तर आमच्याकडं दसरा काढणे म्हणजे घट बसायच्या आत सगळं घर, माळ्यावरच्या जळमटापासून गोठ्यातल्या गव्हाणीपर्यंत, झाडून, धुऊन, सारवून, चुना देऊन लख्ख करणं. एकदा घट बसला की मोठं धुणं-सारवण निघत नाही. म्हणून जे काय करायचं ते सर्वपित्री अमावास्येच्या आत.

पाडव्यालाही झाडलोट होते, पण ती वरवरची. खरी झाडलोट दसऱ्याची. त्याला कारण आहे. चार महिने पाऊस कौलांतून टिपकत असतो. भिंती ओल धरतात, वाकळांना कुबट वास येतो, लाकडाला बुरशी धरते, कणगीच्या बुडाला किडे होतात. मग ऊन पडतं. ते ऊन आणि नव्या धान्याची रास यांच्या मधले पंधरा दिवस हे घर धुवायचे दिवस. आमच्या बायांनी ते कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं.

मी दहावीपर्यंत शिकलो. इतिहासाच्या पुस्तकात लढाया वाचल्या, तह वाचले, सनावळ्या पाठ केल्या. घर झाडण्याचा इतिहास मात्र कुठं वाचायला मिळाला नाही. तो मला थोडा आज्जीकडून, थोडा आईकडून आणि उरलेला आमच्या जुन्या घराच्या भिंतीतून मिळाला. मिळाला तसा सांगतो.

आमचं गाव कराड तालुक्याच्या पूर्व अंगाला, खटावच्या हद्दीला चिकटून. कृष्णा लांब. गावाला एक ओढा, तो माघातच आटायचा. जुनं घर पाच खणांचं. पुढं सोपा, मग माजघर, डावीकडं स्वयंपाकघर, त्याच्या कोपऱ्यात देव्हारा, उजवीकडं बाळंतिणीची अंधारी खोली. माजघरावर माळा. मागं परडं आणि न्हाणी, बाजूला गोठा. भिंती छातीपर्यंत दगडाच्या आणि वर पांढरीच्या मातीच्या, दोन हात रुंद. शेतीच्या जमिनीला आपण काळी म्हणतो आणि गावठाणाला पांढरी. पिढ्यान्‌पिढ्या पडलेल्या घरांची, राखेची ती माती. तिच्यातूनच नवी घरं उभी राहायची आणि तीच दसऱ्याला भिंतीला लागायची.

झाडलोट वरून सुरू व्हायची, म्हणजे माळ्यावरून. आणि माळ्यावर पहिल्यांदा चढायची आज्जी. सत्तरीची म्हातारी, नाकातोंडाला पदर बांधून, एका हातात कंदील आणि एका हातात चिमटा घेऊन शिडी चढायची. ती "वर या" म्हणेपर्यंत कुणी पायरीवर पाय ठेवायचा नाही. वर काय करायची? मेलेले उंदीर शोधायची. एखादा सापडला तर चिमट्यानं उचलून खाली आणायची आणि परड्यात शेणी पेटवून त्यात जाळायची. आम्ही पोरं हसायचो. मांजर एवढं काम फुकट करतं, म्हातारी कशाला करते?

आज्जीला आपलं जन्मसाल ठाऊक नव्हतं. "गाठीच्या तापात मी रांगत हुते," एवढाच तिचा जन्माचा दाखला. गाठीचा ताप म्हणजे प्लेग. तो १८९६ साली मुंबईत उतरला, १८९७ ला पुण्यात आला आणि पुढं आमच्या सातारा जिल्ह्यातही पसरला. एकदा येऊन गेला असंही नाही, कितीतरी वर्षं परत परत येत राहिला. आज्जी आठ-दहा वर्षांची असतानाचा एक फेरा तिला नीट आठवत होता. माळ्यावरनं उंदीर खाली पडला, गोल फिरला आणि मेला. तिच्या बापानं त्याच दिवशी घराला कडी घातली आणि सगळी माणसं माळावर खोपी घालून राहिली. दोन महिन्यांनी परत आली तेव्हा शेजारच्या घरात दिवा लावायला माणूस नव्हतं.

त्या काळात सरकार घरं कशी साफ करायचं, हे मी पुढं वाचलं. मुंबई-पुण्याकडं रोगी सापडलेल्या घराची कौलं काढून आत ऊन सोडायचे, भुई उकरायचे, भिंतींना चुना मारायचे, औषधी पाणी शिंपडायचे. पुण्यात गोरे सोल्जर तपासणीला थेट देवघरात आणि स्वयंपाकघरात घुसले. त्या रागातून २२ जून १८९७ ला चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली, हे आपण शाळेत शिकतो. त्याच साथीत रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ ला गेल्या. हा रोग उंदरावरच्या पिसवा पसरवतात, हे शास्त्रज्ञांना पुरतं पटायला पुढं काही वर्षं गेली. खेड्यातल्या माणसाला पिसू माहीत नव्हती, पण उंदीर पडला की घर सोडायचं हे त्याला कळलं होतं. आज्जीचा चिमटा तिथून आला होता. आम्हाला हे समजलं तोवर हसायचे दिवस गेले होते.

माळ्यानंतर माजघर. काठीला केरसुणी बांधून तुळ्या झाडायच्या, भिंतीचे सुटलेले पोपडे खरवडायचे, भेगा लिंपायच्या. आमच्या माजघराच्या भिंतीत एक भेग होती, तिची गोष्ट आमच्या घरापुरती मोठी आहे. ११ डिसेंबर १९६७ ची पहाट. मी आठ वर्षांचा. सव्वाचारच्या सुमाराला कोयनेचा भूकंप झाला. जमिनीतून आगगाडी गेल्यासारखा आवाज आला आणि दादांनी मला वाकळंसकट उचलून अंगणात फेकलं. कोयनानगरकडं पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली. आमच्या गावात माणूस गेलं नाही, पण माजघराची भिंत वरून खालपर्यंत तडकली.

बघायला आलेल्या गवंड्यानं एक युक्ती सांगितली. भेगेवर आडवी चुन्याची टिकली लावा. टिकली फुटली तर भिंत अजून चालतीय, नाही फुटली तर थांबली. आईनं ते डोक्यात घेतलं. दर दसऱ्याला त्या जागेचा पोपडा काढायचा, गेल्या वर्षीची टिकली बघायची आणि तिच्याखाली चार बोटांवर नवी लावायची. पहिल्या वर्षीची टिकली फुटली होती. कोयनेचे बारके धक्के पुढं बरेच दिवस बसत राहिले होते. त्या वर्षी आई माजघरात झोपली नाही, सोप्यात झोपली आणि आम्हाला अंगणाच्या बाजूला घेतलं.

सोपा हा पुरुषांचा. तिथं झाडायला फारसं काही नसायचं, घोंगडी, कंदील, नांगराचे फाळ, दादांची पानाची पिशवी. पण सोप्याच्या दाराच्या चौकटीवर गेरूनं लिहिलेली एक तारीख असायची. ती मलेरियावाल्यांची. १९५३ साली देशात मलेरिया नियंत्रणाचा कार्यक्रम सुरू झाला आणि १९५८ ला तो निर्मूलनाचा झाला. माझ्या लहानपणी खाकी कपड्यातली माणसं पंप घेऊन यायची, एक जण दांडा खालीवर करायचा, दुसरा नळीनं भिंतींवर डी. डी. टी. मारायचा. भिंतीवर पांढरे ओघळ उतरायचे, घरभर वास सुटायचा, दोन दिवसांनी मांजर मरून पडायचं. जाताना फवारणीची तारीख चौकटीवर लिहायचे आणि बजावायचे, भिंती सारवू नका, औषध झाकलं जाईल.

आता दसरा तोंडावर आणि सारवू नका म्हणे. आईनं एकदा त्या माणसाला तोंडावर सांगितलं, "तारीख तुमची ऱ्हाऊ द्या दारावर. भिंत माझी हाय." तो गेला आणि तिनं संध्याकाळच्या आत सगळं सारवून टाकलं. गावातल्या झाडून साऱ्या बायांनी तेच केलं.

यात कोण बरोबर? मी पुष्कळ विचार केला आहे. औषध खरंच झाकलं जायचं, ते सांगणाऱ्याचं चुकीचं नव्हतं. हिवताप खरंच कमी झाला होता. १९६५ च्या सुमाराला देशभरात वर्षाला लाखभर रोगी उरले होते, आणि १९७६ ला तेच ६४ लाखांवर गेले. डासांना औषध पचलं हे एक कारण, कामात ढिलाई आली हे दुसरं. त्यात आमच्या आयांच्या सारवणाचाही वाटा असणार, हे कबूल करावं लागतं. पण पोराला रांगायला द्यायची भिंत-भुई विषानं माखलेली ठेवायची, आणि ती का ठेवायची हे त्या बाईला बसून कुणी समजावायचं नाही, हेही बरोबर नव्हतं. औषधानं ढेकूण मरतील म्हणून आधी बाया खूश होत्या. चार वर्षांत ढेकणांनाही ते पचलं.

स्वयंपाकघराला सगळ्यात जास्त वेळ लागायचा. चूल आणि वैल फोडून नवी घालायची. धुरानं काळी झालेली भिंत खरवडायची. शिंकी उतरवायची. उतरंड उतरवायची आणि प्रत्येक मडक्यात हात घालून बघायचं. या उतरंडीत आईचे लपवलेले पैसे असायचे, म्हणून हे काम ती कुणाला देत नसे. तांब्या-पितळेची भांडी अंगणात काढून चिंच आणि राखेनं घासायची. हंडा, घागर, कळशी, परात. चिंचेनं बोटांची सालं जायची. कल्हईवाला त्याच दिवसांत यायचा, पिंपळाखाली भाता लावायचा, आणि नवसागराचा धूर नाकात गेला की आम्हाला दसरा आला असं वाटायचं. देव्हाऱ्यातले टाक मात्र आज्जीच घासायची, अगदी थोड्या पाण्यात, कुणाशी न बोलता.

अंधाऱ्या खोलीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. तिथं बाळंतपणं झाली आणि माणसं मेली. तिला दोन हात चुना लागायचा.

आता चुन्याचं सांगतो. ते टाळता येत नाही.

आमच्याकडं बाकी घराला पांढरी माती, पण माजघर, अंधारी खोली आणि गोठ्याला चुना. तो भट्टीवरून आणायचा, कळीचा, दगडासारख्या ढेपा. त्याच्यावर पाणी पडलं की तो फुगतो, फुटतो, उकळतो. भात शिजवावा एवढी त्याला आग असते. म्हणून आज्जीची पद्धत ठरलेली होती. परड्यात खड्डा, खड्ड्यात फुटकं रांजण, रांजणात आधी चुना आणि मग लांबून थोडं थोडं पाणी. वर ओलं गोणपाट. पोरांनी जवळ यायचं नाही. रात्रभर तो आत धुमसत राहायचा, सकाळी लोण्यासारखा व्हायचा. मग त्यात थोडी नीळ टाकायची.

१९७० चं वर्ष. मी पाचवीत होतो. रांजणात चुना भिजत होता, गोणपाट बाजूला करून आई काठीनं ढवळत होती. तोंड बाजूला, जसं करावं तसं. एक मोठी ढेप बाहेर राहिली होती. आदल्या दिवशी शाळेत गुरुजींनी चुन्यावर पाणी टाकून दाखवलं होतं, नळीतून वाफ आली होती, पोरांनी टाळ्या वाजवल्या होत्या. मला मोठी वाफ बघायची होती. आईचं लक्ष नाही असं बघून मी ती ढेप दोन्ही हातांनी उचलली आणि वरून रांजणात टाकली.

आवाज झाला तशी आई वळली. उकळता चुना तिच्या तोंडावर आला.

पुढचं तुटक तुटक आठवतं. आई ओरडली नाही, खाली बसली आणि पदर डोळ्यांवर दाबला. आज्जी पळत आली. कुणी तूप आणलं, कुणी गाईचं दूध, एकीनं लेकुरवाळीचं दूध आणलं. सगळं डोळ्यात घातलं. दादा रानातून आले, "काय झालं?" म्हणाले. मी कणगीच्या आड उभा होतो. आई म्हणाली, "माझ्या हातनं ढेप निसटली."

संध्याकाळी आज्जीनं मला परड्यात नेलं. माझी बोटं पांढरी होती, चरचरत होती. तिनं काही विचारलं नाही. खोबरेल लावून एक एक बोट पुसलं, चिंधी ओढ्याकडं टाकून दिली आणि घरात निघून गेली.

तिसऱ्या दिवशी गाडी जुंपून कराडला नेलं. डॉक्टर म्हणाले, उजवा डोळा वाचेल, डावा गेला. आणखी एक म्हणाले, ते मला आजही ऐकू येतं. त्याच क्षणी साध्या पाण्यानं अर्धा तास धुतला असता, नुसत्या पाण्यानं, तर पुष्कळ फरक पडला असता. परड्यात रांजणापासून पाच पावलांवर पाण्याचा हौद होता. म्हणून वाचणाऱ्याला सांगतो, चुना डोळ्यात गेला तर तूप नको, दूध नको, आधी पाणी आणि भरपूर वेळ पाणी, आणि मग तसंच दवाखान्यात.

त्या वर्षीचा दसरा शेजारच्या काकीनं काढला. पुढच्या वर्षीपासून आई परत कामाला लागली. एक फरक पडला. भिंत सारवून झाली की ती तळहात फिरवून बघायची. कुठं पोतेरं नीट बसलं नाही, कुठं खडा राहिला, ते हाताला कळायचं. माजघरातली टिकलीही ती बोटानं बघायची. नखानं पोपडा काढायची, बोट आडवं फिरवायची आणि म्हणायची, "हाय तशीच हाय."

मग बहात्तरचा दुष्काळ आला. आमच्या बाजूला त्याच्या आधीचं वर्षही वाईटच गेलं होतं. ओढा कोरडा, विहिरीच्या तळाला ओला चिखल, जनावरं मिळेल त्या पैशाला विकलेली. आई-दादा दुष्काळी कामावर जायचे. घरात मिलोची तांबडी भाकरी आणि पोरांना सुकडी. पहिल्या दिवशी आईला खडी फोडायला बसवलं. मुकादमानं तिचा डोळा बघितला आणि उठवलं. "बाई, हाय तेवढा डोळा कपचीनं जायला नको," म्हणाला आणि माती वाहायला घातलं. भला माणूस होता.

एरवी दसऱ्याला सगळी धुणी बैलगाडीत भरून ओढ्याला न्यायचो. वाकळा सोड्याच्या पाण्यात उकळायच्या, दगडावर आपटायच्या, बाभळीवर वाळत घालायच्या. सगळा ओढा रंगीबेरंगी व्हायचा, बाया दिवसभर तिथंच, भाकरी तिथंच. भांडणंही तिथंच व्हायची. बहात्तरला यातलं काही नाही. प्यायला पाणी डोक्यावर दीड मैलावरून. आईनं वाकळा तीन दिवस उन्हात टाकल्या आणि काठीनं बडवल्या. भांडी कोरड्या राखेनं घासून फडक्यानं पुसली. सारवायला शेण नव्हतं, गोठाच रिकामा होता. घट बसवायच्या दिवशी ती वाटेवरचं कुणाचं तरी शेण ओंजळभर घेऊन आली. तांब्याभर पाण्यात कालवून तिनं देव्हाऱ्यापुढं घटापुरती जागा सारवली. हातभर लांब, हातभर रुंद. बाकी सगळं घर उललेलं आणि मधी ती एक ओली हिरवी चौकट. घटाला शिंपडायला पाणी आम्ही आमच्या पिण्यातनं काढलं. तरी धान्य उगवलं, पिवळं, बोटभर.

पुढची वीस वर्षं भराभर गेली. वीज आली, गॅस आला. कल्हईवाला यायचा बंद झाला, कारण स्टील आलं. आज्जी गेली, तिचा चिमटा माळ्यावर राहिला. धाकट्या पिढीला ती पद्धत जुनाट वाटू लागली. माझ्या बायकोलाही वाटायची, आणि तिच्या बाजूनंही बोलायला पाहिजे. पंधरा दिवस कंबर मोडायची ती तिची, आणि चुना लागलेल्या भिंतीचं कौतुक करायचे आम्ही, सोप्यात बसून. घरातला कुठलाही पुरुष कधी पोतेरं हातात धरताना मी बघितला नाही. मीही धरलं नाही.

३० सप्टेंबर १९९३ ला, गणपती विसर्जनाच्या रात्री, किल्लारीचा भूकंप झाला. जवळपास दहा हजार माणसं गेली. मोठाल्या दगडांच्या आणि मातीच्या भिंती, वर जड माळवदं, झोपलेली माणसं त्याखाली दबली. आमच्याकडं तेव्हा दसरा काढायचे दिवस. आई त्या वर्षी तीनदा टिकलीवरून बोट फिरवून आली. पुढच्या वर्षी, १९९४ ला, बीड जिल्ह्यातल्या मामला गावात आणि मग सुरतेत प्लेगची बातमी. भूकंपानंतर माणसांनी सोडलेल्या घरांत धान्य राहिलं, त्यावर उंदीर माजले, असं तेव्हा बोललं जात होतं. मी पेपर वाचून दाखवला तशी आई उठली, माळ्यावर चढली आणि आज्जीचा चिमटा शोधून घेऊन आली. एका डोळ्यानं शिडी चढलेली बघून मी ओरडलो. ती म्हणाली, "म्हातारी उगंच करत नव्हती रं."

२०००-०१ ला राज्यात संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान निघालं. आर. आर. पाटलांनी ते उचलून धरलं. ज्यांच्या नावानं निघालं त्या गाडगेबाबांनी आयुष्यभर हातात खराटा धरला आणि १९५६ ला देह ठेवला. आमच्याही गावात गटारं निघाली, भिंतींवर सुविचार लिहिले, तपासणीची समिती आली. पण त्यातलं खरं काम वेगळं झालं. आमच्या घरात सोपा होता, माजघर होतं, देवाला जागा होती, धान्याला जागा होती, बैलाला जागा होती. संडास नव्हता. शंभर वर्षं घर लख्ख ठेवणाऱ्या बाया पहाटे अंधारात हातात डबा घेऊन बांधाला जात होत्या. आई एका डोळ्यानं तीस वर्षं पावसाळ्यातल्या निसरड्या बांधावर गेली, हे माझ्या ध्यानात समितीनं विचारल्यावर आलं. आम्ही संडास बांधला. पहिल्या दसऱ्याला आईनं सगळ्यात आधी त्याला चुना दिला, मग देवाच्या भिंतीला. बायकोनं नाक मुरडलं.

२००७ ला आम्ही जुनं घर उतरवलं. पोरांना स्लॅब पाहिजे होता. माजघराची भिंत पाडताना तिचा एक मोठा पापुद्रा सुटून पडला आणि मी कामगाराला थांबवलं. कडेनं बघितलं तर थरावर थर. चुना, माती, चुना, निळसर चुना, मधी काजळीची काळी रेघ, परत चुना. मी मोजायला लागलो आणि चाळिसाच्या पुढं चुकलो. भेगेवरच्या टिकल्या खाली उतरत गेल्या होत्या, जिन्याच्या पायऱ्यांसारख्या. पहिली फुटलेली, बाकी सगळ्या साबूत. सत्तर सालची तेवढी नव्हती. काकीला टिकलीचं काही माहीत नव्हतं.

आई तेव्हा अंगणात खुर्चीवर बसली होती. धूळ उडत होती म्हणून तिनं पदर नाकातोंडाला बांधला होता, आज्जीसारखा. मी जवळ जाऊन बसलो. दादा जाऊन नऊ वर्षं झाली होती. मी म्हणालो, "आई, त्या चुन्याच्या दिवशी..."

तिनं पुरतं बोलू दिलं नाही. "कवाची गोष्ट काढतोस? ढेप माझ्या हातनं निसटली हुती."

"आई, मी..."

"माझ्या हातनं निसटली," ती म्हणाली, आणि तिकडं कामगाराला ओरडली, "आरं, तुळई जपून उतरव, सागवान हाय."

२०१४ ला ती गेली. बायकोला, पोरांना अजून हेच माहीत आहे की म्हातारीच्या हातून चुना उडाला होता. हे लिहितोय तर आता त्यांनाही कळेल.

नव्या घराला ऑइलपेंट आहे. ओल्या फडक्यानं पुसलं की झालं. दसरा आता दोन दिवसांत निघतो, वाकळा वॉशिंग मशीनमध्ये मावत नाहीत म्हणून ब्लँकेटं आली. करोनात २०२० ला ग्रामपंचायतीनं दारादारात हायपोक्लोराईट फवारलं, तेव्हा चौकटीवर तारीख लिहायला कुणी आलं नाही. चुना फक्त गोठ्याला, वृंदावनाच्या कट्ट्याला आणि नारळाच्या बुंध्यांना लागतो. तो पिशवीतून येतो, विरलेला, पिठासारखा.

गेल्या वर्षी सूनबाई गोठ्याजवळ बादलीत तो कालवत होती. नातू शेजारी उकिडवा बसून बघत होता. त्यानं पिशवीत हात घातला, मूठ भरली आणि बादलीवर धरली. मी सोप्यातून एवढ्या मोठ्यानं ओरडलो की गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली.

"आहो आबा," सून म्हणाली, "हा थंड असतोय. काय होत नाही ह्यानं."

"होतंय," मी म्हणालो. "त्याला लांब घे. आणि त्याचे हात धू आधी, पाण्यानं."

मग चप्पल घालून मीच बाहेर गेलो, बादली तिच्याकडून घेतली आणि कालवायला बसलो.